ऊबदार दमडी

बलभद्र महाराजांना दमड्या जमवायचा नाद लागला आणि नंदपूरचा बाजार पार बसला! वाघाच्या छापाची दमडी, चंद्राच्या छापाची, भोकाची, काठ तुटलेली... दिसली दमडी की शिपाई उचलणार, तिच्या बदल्यात रुपया देणार, आणि महाराज दिवसभर मखमलीवर त्या जातवार मांडत बसणार!

आता रुपया मिळाला म्हणून काय झालं? दमडीच्या फुटाण्यांसाठी तो मोडून देणार कोण? राहीबाई भडभुंजीण अगदी रडकुंडीला आली. पोरं यायची, फुटाण्यांकडे बघायची आणि आवंढा गिळून निघून जायची. शेवटी बाई पदर खोचून थेट दरबारात उभी राहिली.

"महाराज, आमच्या दमड्या सोडा!"

"सोडतो की!" महाराज मिशीत हसले. "माझ्याकडे नाही अशा जातीची एक दमडी आण. आणलीस तर दमड्यांच्या सगळ्या पेट्या उघडतो. नाहीतर तुझी कढई सरकारजमा!"

दरबार खो खो हसला. कढई गेली तर खायचं काय? पण दिवसाच्या पहिल्या विक्रीची, भवानीची दमडी कनवटीला खोचून ठेवायची तिची रीत होती, आणि शेवटच्या भवानीची दमडी अजून तिथंच होती. तीच तिनं काढून पुढं धरली.

"हॅ! ही तर वाघछाप!" महाराज म्हणाले. "अशा माझ्याकडे ढिगानं पडल्यात!"

"डोळ्यांनी नव्हे, हातानं बघा. तुमच्या सगळ्या गार. माझी ऊबदार!"

महाराजांनी पेटीतल्या दमड्या चाचपल्या. थंडगार! राहीबाईची हातात घेतली. अहो, खरंच की! त्यांचे डोळे लकाकले. त्यांनी घाईघाईनं ती मखमलीवर ठेवली. थोड्या वेळानं बोट लावलं, तर तीही गार!

"अगं बाई! जात बदलली की हो!" राहीबाई म्हणाली.

महाराज हट्टाला पेटले. त्यांनी दमडी मुठीत घट्ट धरली. मुठीला मुंग्या आल्या. मूठ बदलली, तर तिलाही मुंग्या! तेवढ्यात फराळाचं ताट आलं.

"प्रधानजी, धरा!"

प्रधानजींना तपकीर ओढायची होती, त्यांनी ती सेनापतींना दिली. सेनापतींच्या तळव्याला घाम सुटला, त्यांनी चोपदाराकडे सरकवली. दमडी दरबारभर फिरून महाराजांकडे परत आली.

"वा! अजून ऊबदार!" महाराज ओरडले. "सापडली युक्ती! ही हातोहात फिरती ठेवायची!"

"ठेवा की," राहीबाई शांतपणे म्हणाली. "पण एका दमडीपायी अख्खा दरबार कामाला लागला. पेट्यांतल्या सगळ्या ऊबदार ठेवायच्या, तर एवढे हात कुठून आणणार? ते तर बाजारात रिकामे बसलेत!"

प्रधानजींची तपकीर नाकातच राहिली. महाराज आधी गोरेमोरे झाले, मग पोट धरधरून हसले. पेट्या उघडल्या. राहीबाईला जरीचं लुगडं मिळालं आणि भर चौकात भट्टीला कायमची जागा!

दुसऱ्या दिवशी महाराज स्वतः भट्टीपाशी आले. "राहीबाई, मूठभर फुटाणे दे बघू!"

"दमडी काढा, महाराज!"

महाराजांनी इकडंतिकडं बघितलं, कमरेला लपवून ठेवलेली एक लाडकी दमडी मुकाट्यानं तिच्या हातावर ठेवली, आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच खळखळून हसले.