माफीची साक्षीदार घोरपड

जनावरांची कोर्टं भरत असत, तेव्हाची गोष्ट. घोरपडीने टिटवीची सगळी अंडी फस्त केली. सरड्याने तेवढा वेळ पहारा दिला.

टिटवीने फिर्याद केली, पण पुरावा नव्हता. न्यायाधीश गवा घोरपडीला म्हणाला, "खरं सांगितलंस तर तुला माफी."

घोरपडीने डोळे पुसत सगळं सांगितलं. अंडी कशी फोडली, चवीला कशी होती, सरडा कुठे उभा होता. तिच्या प्रामाणिकपणाने कोर्ट गहिवरलं. सरड्याला रानाबाहेर हाकललं.

टिटवी म्हणाली, "महाराज, पण अंडी तर हिनेच खाल्ली."

"हिनेच सांगितलं म्हणून कळलं ना?" गवा म्हणाला. "आभार मान तिचे."

टिटवीने मुकाट्याने आभार मानले.

पुढच्या उन्हाळ्यात तिने पुन्हा अंडी घातली. घोरपड आली, आणि साक्ष कुणाविरुद्ध तरी द्यावी लागेल म्हणून येताना एका भोळ्या खारीला सोबत घेऊन आली.