उंबरावरचं गायन मंडळ

फार वर्षांपूर्वी एका रानात पाखरांचं गायन मंडळ होतं. म्हातारा दयाळ पक्षी त्याचा चिटणीस. एकदा चार कावळ्यांनी गुपचूप सभा घेऊन मंडळ बळकावलं होतं, त्यानंतर त्यानेच नियम केला, की सात सभासद हजर असल्याशिवाय ठराव होणार नाही.

पुढे रानात साथ आली आणि पाचच सभासद उरले. तेवढ्यात मैनांचं एक जोडपं आलं. "आम्हालाही गाऊ द्या," मैना म्हणाली.

"घ्या की हो, चिटणीस!" बुलबुलबाई म्हणाल्या.

"नवा सभासद घ्यायला ठराव लागतो, बाई. आपण पाचच आहोत."

"मग नियम बदला."

"त्यालाही सातच लागतात." मैना दयाळालाही हव्या होत्या. पण नियम मोडला तर आपल्यात आणि कावळ्यांत फरक काय, हे कोडं त्याला सुटेना.

वाट पाहून मैना उडून गेल्या. उरलेलेही एकेक करून दुसऱ्या रानात गेले. वसंतात उंबरावर दयाळ आणि बुलबुलबाई दोघंच आली.

"दोघांनी गायलं तर चालेल का हो?" बाईंनी विचारलं.

दयाळाने सगळे नियम आठवून पाहिले. "चालेल असं कुठे लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

बुलबुलबाईंनी चोच मिटून घेतली.