तांबड्या शाईतली प्रत

“पण गुरुजी, हे पाप कसं? चार शब्द तर लिहायचे आहेत!”

भिक्षू हुइयान चहाची पाने निवडत होता. त्याने मान वर केली नाही.

समोर बसलेल्या शेन यानला त्या शांततेचा राग आला. सोंग राजवटीच्या राजधानीत होणाऱ्या अधिकारी-परीक्षेला तो तिसऱ्यांदा बसणार होता. यंदाही यादीत नाव लागले नाही, तर ठरलेले लग्न मोडणार होते. मुलीच्या वडिलांनी तसे स्पष्ट कळवले होते.

“कोणते चार शब्द?” हुइयानने विचारले.

“‘शरदातले शुभ्र शीतल दव.’ परीक्षक माझ्या मामांचे स्नेही आहेत. निबंधाच्या तिसऱ्या ओळीत हे शब्द दिसले, की उत्तर माझं आहे हे ते ओळखतील.”

“आणि विषय?”

“बहुधा सरकारी धान्यकोठारं. स्वस्ताईत खरेदी, टंचाईत विक्री.”

“कोठारात दव...” हुइयान म्हणाला. “धान्य भिजेल ना रे.”

शेन यान हसला नाही. “आपण थट्टा करता. दुसरा उपाय काय? नावावर कागद चिकटवतात. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत्येक उत्तर कारकुनाकडून तांबड्या शाईत उतरवून घेतात. परीक्षकापुढे जाते ती प्रत. तीत मी कुठे उरतो?”

“ठाऊक आहे. भिक्षू होण्याआधी पंधरा वर्षं मीच उतरवत होतो.”

हे शेन यानला नवीन होते.

हुइयान उठला, आत गेला आणि एक कागद घेऊन आला. तांबडी शाई, एकसारखे, निर्जीव अक्षर. “सवय सुटत नाही. हा कोठारांवरचाच निबंध. तपास बरं.”

शेन यान सरसावून बसला. तपासणे त्याला आवडे.

“पहिलाच परिच्छेद पाठ केलेला,” तो म्हणाला. “असले नमुनानिबंध छापून बाजारात ढिगाने विकतात. दुसराही तसाच... ‘कोठार हे प्रजेचं उदर’! गुरुजी, या गृहस्थाने कोठाराचं दारसुद्धा पाहिलेलं नाही. किती धान्य सडतं, उंदीर किती खातात, मापात कोण मारतं... एक अक्षर नाही. याच्या हाती जिल्हा दिला, तर माणसं उपाशी मरतील.”

“मग?”

“नापास.”

हुइयानने बाहीतून दुसरा, जुना कागद काढून शेजारी ठेवला. काळी शाई. मजकूर तोच.

प्रत्येक उभ्या रेघेच्या शेवटी एक ऐटदार वळण होते. ते वळण शेन यानने वर्षभर घोटले होते.

पहिल्या परीक्षेनंतर आपला निबंध आठवून लिहून काढून त्याने अभिप्रायासाठी इथे दिला होता. अभिप्राय आलाच नव्हता; पुढे तो स्वतःही तो निबंध विसरून गेला होता.

...

त्याने दोन्ही कागद ओळीओळीने ताडून पाहिले. मग त्याने हलक्या आवाजात विचारले, “म्हणजे ती खूण घालू नको?”

हुइयानने पुन्हा चहाची पाने पुढे ओढली.

“घाल की,” तो म्हणाला. “निदान परीक्षकाला तरी तू ओळखू यायला हवास.”