बुडावरच्या चांदण्या

"भेगा केसाएवढ्या आहेत, चाचा. लांबी भरतो, घासतो, दुपारपर्यंत रंग मारून मोकळा होतो. चालेल ना?"

चिंतामणचं ऐकून अब्बास मिस्त्रींनी विडी विझवली.

फायबरची होडी वाळूवर पालथी पडली होती. चिंतामणचा थोरला भाऊ मोरेश्वर हिच्यातच गेला. वादळात होडी उलटली, तेव्हा शोधायला चिंतामणच पुढे होता. दादा वाहून गेला असं धरून त्याने ती पालथीच शोधणाऱ्यांच्या होडीला दोराने बांधली आणि दोन तास ओढत किनाऱ्याला आणली. सरळ केली, तर दादा खाली जाळ्यात अडकलेला. श्वास नव्हता.

परवा धाकटा भाऊ दत्तू हीच होडी घेऊन समुद्रात जाणार होता.

चिंतामणचा हात मोठा सफाईचा. आपण रंगवलेली होडी नवी की जुनी हे मालकालाही कळत नाही, असं सगळ्या बंदरावर सांगत फिरायचा. दुसऱ्या कोणी सांगायची वाट बघत बसला नाही.

"नाणं वाजवून बघितलंस?"

भेगेभोवती नाणं वाजवायचं. आवाज पोकळ आला तर आतला थर सुटलाय. मिस्त्रींचा हा पहिला धडा.

"कशाला? खडकावर घासली असेल. वरचा जेलकोटचा थर तेवढा तडकलाय."

"खडक ओरखडा काढतो. इथं बघ."

बुडावर सहा चांदण्या होत्या. एकेका ठिपक्यातून चहूकडे फुटलेल्या बारीक भेगा, सगळ्या हातभर जागेत.

"असं कधी फुटतं?"

चिंतामणला ते पाठ होतं. सांगायला तोंड उघडलं आणि त्याचं बोट एका चांदणीवर थांबलं.

"आतून घाव बसला तर..."

मिस्त्रींनी मान हलवली.

"ओढताना आवाज येत होता, चाचा. ठक... ठक... बाकीच्यांनी दोनदा विचारलं. समुद्र खवळलेला, मला किनारा गाठायचा होता. मीच म्हटलं, लाट आहे..."

तो वाळूत खाली बसला. इतके दिवस आवरून धरलेलं रडू आता आवरेना.

"रंग मारू द्या, चाचा. वहिनीच्या नजरेला पडायच्या आत. हात जोडतो तुम्हाला."

मिस्त्रींनी खिशातून एक नाणं काढलं. चिंतामणच्या जोडलेल्या हातांत ते ठेवलं आणि त्याची बोटं मिटवली.

"वाजव," ते म्हणाले. "आणि या खेपेला आवाज आला, तर लाट म्हणू नकोस."