आटलेल्या गाईची भरपाई

फार जुनी गोष्ट आहे, मंडळी. तेव्हा गाई बोलत, आणि त्यांचं बोलणं ऐकून घ्यायला माणसांना सवड असे.

एका राज्यात गुरांवर क्षयाची साथ आली. जनावर खोकू लागे, खंगत जाई, आणि त्याच्या संगतीनं गोठेच्या गोठे आजारी पडत. राजानं दवंडी पिटवली : आजारी गुरं लपवू नका. ती डोंगरापलीकडच्या कुरणात वेगळी ठेवू, आणि ज्याचं जनावर जाईल त्याला भरपाई देऊ. राजा मोठ्या मनाचा. गाय म्हातारी असो की तरणी, भरपाई दुभत्या गाईचीच द्यायची, असं त्यानं ठरवलं. अट एकच होती. ज्यानं जाणूनबुजून आपल्या जनावराला रोग लावला, त्याला दमडीही मिळणार नव्हती.

एका गावात एक गवळी होता. त्याची तांबू नावाची गाय आटली होती. तिच्याच दुधावर त्याची पोरं वाढलेली. पण आता ती नुसतीच वैरण खाते, हे त्याच्या डोळ्यांत खुपू लागलं होतं. दवंडी ऐकली आणि त्याच्या मनात पाप आलं. असल्या कामाला माणसाचं डोकं कसं भराभर चालतं बघा!

शेजाऱ्याच्या गोठ्यातली खोकणारी गुरं अजून कुरणात न्यायची होती. शेजारी शेतावर गेला, की गवळी तांबूला तिकडे नेई आणि त्याच गुरांच्या गव्हाणीला बांधी.

पहिल्या दिवशी तांबू म्हणाली, "धनी, ही तर आजारी आहेत ना?"

"तुला काय कळतंय? वैरण हिरवीगार आहे, खा गुमान."

तांबूनं खाल्लं. धन्याच्या हातून तिला आजवर काही वाईट मिळालं नव्हतं.

काही महिन्यांत तांबू खोकू लागली. राजाचा पशुवैद्य आला, चावडीपुढे गाव जमलं. वैद्यानं तिच्या छातीला कान लावून पाहिलं आणि विचारलं, "गवळ्याच्या गोठ्यात दुसरं कुणी आजारी नाही. मग तुला हे लागलं कुठून?"

गवळी गर्दीत मागे सरकला. आता ही सगळं सांगणार!

"माझीच चूक, वैद्यबुवा," तांबू म्हणाली. "दावं सोडवून मीच शेजारच्या गोठ्यात शिरले. म्हातारपणी जीभ ऐकत नाही."

लोक हळहळले. शेजारी पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "माझ्या गोठ्यापायी तुझी गाय गेली, दादा. मला माफ कर."

गवळ्यानं खाली मान घालून भरपाई घेतली. वैद्याची माणसं तांबूला घेऊन गेली.

भरपाईच्या पैशांत त्यानं दुभती गाय आणली. पण तिचं दूध त्याच्या घशाखाली उतरेना. शेजारी तर रोज सकाळी त्या गाईसाठी कडब्याची पेंढी आणून टाकी. गवळ्याला त्याच्याकडे बघवेना. आपलीच आपल्याला इतकी लाज वाटू लागली, की तो पाणवठ्यावर जायचाही टाळू लागला.

शेवटी एका सकाळी त्यानं शेजाऱ्याचे पाय धरले, खरं काय ते सांगितलं, आणि नवी गाय घेऊन थेट दरबारात उभा राहिला.

सगळं ऐकून राजा म्हणाला, "गाय सरकारजमा होईल. तुला शिक्षा काय करू?"

"महाराज, मला त्या कुरणात गुराखी ठेवा."

राजानं त्याला कुरणात धाडलं. तिथं तांबू एका कडेला पडली होती. अंगावर नुसती कातडी उरली होती. गवळ्यानं वाटभर माफीचे शब्द जुळवले होते. त्याची चाहूल लागताच तिनं कशीबशी मान उचलली.

"आलात, धनी? पोरं बरी आहेत ना? आणि इथं फार जवळ बसू नका, तुम्हाला लागायचं हे."

माफी मागायचीही गवळ्याला लाज वाटली. तो तिथंच मातीत तोंड खुपसून रडत राहिला, आणि उन्हं कलायच्या आत तांबू गेली.

तात्पर्य : गेलेल्या जनावराची भरपाई राजा देऊ शकतो, पण मोडलेल्या विश्वासाची भरपाई कुणालाच देता येत नाही.