पोलीनबाईंची हजेरी

तुमच्या आज्याला मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. बसा सरकून, आणि मधी मधी खोकू नका. कोंढारीत कोळशाची धूळ कोणाच्या छातीत नाही बाप्पा? पण गोष्ट संपेपर्यंत दम धरा.

तेव्हा कोंढारी म्हणजे एक खाण, खाणीभोवती मजुरांच्या झोपड्या, आणि झोपड्यांना लागून टाकाऊ कोळशाचा ढीग. माणसं खाली खाणीत जात आणि पोरं ढिगावर कोळसा वेचत. अशा गावात एक दिवस एक सिस्टर आली. वसईकडची, कॅथलिक मठातली. नाव सिस्टर अपोलीन. कोंढारीच्या जिभेला ते कुठलं झेपायला! गावानं तिला पोलीनबाई करून टाकलं, आणि बाईंनीही ते मुकाट्यानं घेतलं.

खाणीच्या साहेबानं मिशनला एक माळ दिला होता. त्यावर मोहाचं एकच झाड. बाई त्याच्या सावलीत बसली आणि म्हणाली, "शाळा भरली." पोरं? एकही नाही. मग ती उठली, ढिगावर चढली आणि हाताला लागेल त्या पोराचा कान धरून खाली आणू लागली. बाया धावून आल्या. "पोट्टी शाळेत बसली तर कोळसा कोण वेचन व बाई? तुमचा देव?" बाई म्हणाली, "आज मी वेचते. तुमची पोरगी बसू द्या." आणि खरंच, दुपारभर पांढऱ्या झग्यात ती कोळसा वेचत होती. संध्याकाळपर्यंत झगा काळा झाला. पुढं तो कितीही धुतला तरी पांढरा झाला नाही, असं म्हणतात.

शाळा उभी राहिली. मातीच्या भिंती, वर कौलं. बाईंची एकच पद्धत होती. ती वही न घेता हजेरी घ्यायची, सगळी नावं तोंडपाठ. नाव घेतलं आणि "हजर" आलं नाही, की शिकवणं तिथंच थांबायचं. बाई उठून ढिगावर जायची, नाहीतर झोपडीत शिरायची, पण त्या पोराला घेऊनच परत यायची. कोणी तापानं फणफणत असेल तर तिथंच बसून राहायची. ताप उतरायचाच, असं म्हणतात. मला विचाराल तर तापसुद्धा तिला भीत असावा.

तिचा पहिला विद्यार्थी बिसन. हुशार होता, नाही म्हणणार नाही. बाईंनी त्याला वाचायला शिकवलं, मापं शिकवली, परीक्षेला बसवलं. बिसन सरदार झाला. खाणीत सरदार म्हणजे पाळीवरच्या माणसांचा म्होरक्या. तो म्हणेल तिथं खणायचं. बाईंनी त्या दिवशी साऱ्या पोरांना गूळ वाटला. म्हणाली, "माझा बिसन खाली आहे, आता मला घोर नाही."

घोर कसला, ते सांगतो. खाणीत सगळा कोळसा काढत नाहीत. मधी मधी कोळशाचेच जाड खांब सोडतात, त्यांच्यावर वरची जमीन उभी राहते. आणि खाण सरकत सरकत शाळेच्या खाली आली होती. बाईंनी बिसनला बोलावून विचारलं. खाणीत शपथ दिव्याची घेतात, अंधारात तेवढाच एक आपला असतो. बिसननं आपल्या दिव्यावर हात ठेवला. "बाई, शाळेखालच्या खांबांना कोणी हात नाही लावणार. मी जिता हाय तोवर नाही."

तो जिताच होता. चांगला म्हातारा होऊन मेला.

पुढं खाणीतला सोपा कोळसा संपत आला. साहेबानं बिसनला पक्कं क्वार्टर दाखवलं, नळ आणि लाइट असलेलं. म्हणाला, शाळेखालचे खांब काढ. बिसन दिव्याची शपथ विसरला. आणि एकट्या बिसनचं नाव घेऊन मी गावाला सोडणार नाही. खांब काही एका माणसानं निघत नसतात. घरोघरचे बाप दुबार पाळीनं लागले होते. घरोघरी त्या मजुरीचं मटण शिजलं, आणि रस्सा ओरपताना कोणाला बाईंची आठवण झाली नाही.

इकडं बाईंचे डोळे गेले होते. मोतीबिंदू. पोरांना ती आवाजावरून ओळखायची. आणि पोरंच ती! कोणी ढिगावर गेलं असलं, की दुसरं कोणी आवाज बदलून त्याचं "हजर" म्हणायचं. खोडी म्हणून नव्हे हो. बाई ओढून आणणार, मग कोळसा कमी भरणार, मग घरी मार पडणार. तो वाचावा म्हणून. माया होती त्यात.

त्या दिवशी बिसनची पोरगी भागरता शाळेत नव्हती. बाप दुबार पाळीला, म्हणून ती त्याचा डबा घेऊन खाणीच्या तोंडाशी गेली होती. तिची मैत्रीण कौशी, इवलीशी पोर. बाईंनी "भागरता?" म्हटलं, आणि कौशीनं भागरताच्या आवाजात "हजर" म्हटलं.

थोड्या वेळानं माठातलं पाणी हललं. मग पाट्या आपोआप घसरू लागल्या. मग जमिनीतून असा आवाज आला, की बाई उभी राहिली आणि ओरडली, "बाहेर! मोहाखाली!" दाराची चौकट खाली बसत होती. बाईंनी तिला पाठ लावली. पोरं तिच्या बगलेखालून निघत होती आणि शेवटचं पोर निघेपर्यंत जमीन थांबली, असं म्हणतात. हे मात्र मी मानतो. माणसं थांबली नाहीत, जमीन थांबली.

मोहाखाली बाईंनी हजेरी घेतली. हजर, हजर, हजर. "भागरता?"

"भागरता! सकाळी होतीस ना गं?" कौशीनं तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. भीतीनं, धुळीनं, कशानं कोण जाणे. एक शब्द हवा होता. तो येईपर्यंत बाई वळली होती. "आत राहिलं लेकरू," म्हणाली, आणि चाचपडत दारातून आत गेली.

मग जमीन थांबली नाही. शाळा भिंतींसकट खाली गेली.

धूळ बसली तेव्हा भागरता रिकामा डबा हलवत येत होती. मागून, भाकरीसाठी वर आलेल्या पाळीसोबत, बिसन आला, खाऊन नुकतंच तोंड पुसलेला. सारं ऐकलं आणि बिसन गरजला, "खोटं हजर कोणं म्हटलं?"

बघा आता! हे विचारणारा कोण, तर बिसन! आणि साऱ्या गावानं बोट दाखवलं ते कौशीकडं. जमीन का गेली हे कोणी विचारलं नाही. कौशीला गावानं नाव ठेवलं 'बाईखाऊ'. तिच्या दारावरून जाताना बाया पदर तोंडावर घ्यायच्या. त्या खांबांचा कोळसा पेटलाच नाही, असं म्हणतात. खोटं! चांगला धडधडून पेटला. साहेबाच्या बॉयलरमध्ये पेटला, आमच्या चुलीतही पेटला.

मठानं दूर पक्क्या जमिनीवर नवी शाळा बांधली. जुन्या जागी खड्डा राहिला, त्यात पाणी साचलं. दरसाल त्या दिवशी शाळा खड्ड्याच्या काठी जमते आणि हजेरी होते. पहिलं नाव बाईंचं. "पोलीनबाई?" सगळी पोरं एका आवाजात म्हणतात, "आत आहेत." मग ज्याचं त्यानं "हजर" म्हणायचं, दुसऱ्याचं कोणी म्हणत नाही. पाण्याखालून घंटा ऐकू येते, असंही म्हणतात.

बाईंच्या फोटोला हार घालायचा मान बरीच वर्षं बिसन सरदाराचा होता. घालायचा, रडायचाही.

एका साली हजेरी संपत आली होती. गर्दीमागून वेळेआधीच म्हातारी झालेली एक बाई काठी टेकत पुढं आली. कौशी. जन्मभर गावात तोंड न उघडलेली. ती काठावर उभी राहिली आणि बाईंसारख्याच खड्या आवाजात तिनं हजेरी घेतली, "खांब काढणारे?"

कोणी "हजर" म्हटलं नाही. बिसन हार हातात धरून तसाच उभा. म्हातारे बाप पायाकडं बघत राहिले. कौशी वाट बघत होती. बऱ्याच वेळानं ती वळून निघून गेली.

तेव्हापासून दरसाल हजेरीच्या शेवटी आम्ही सगळे खाली मान घालून गप्प उभे राहतो. बाहेरून आलेले पाहुणे म्हणतात, किती मनापासून श्रद्धांजली वाहतात ही माणसं! आम्ही त्यांना काही सांगत नाही. कौशीनं नाव पुकारलं आहे, आणि कोंढारीतून अजून कोणी "हजर" म्हटलेलं नाही.