नदीत उभी असलेली गाडी

सांगलीच्या इंदुमती आरवाडेंनी हौसेने नवी गाडी घेतली, पण तिचा नकाशा पहिल्या दिवसापासून बिघडलेला. गाडी कुठेही असो, स्क्रीनवर ती कृष्णेच्या पात्रातच दिसायची. शोरूममध्ये जाऊन त्या म्हणाल्या, "एवढी नकाशाची सिस्टिम बदलून द्या."

मॅनेजर घोरपडे खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "आमची सिस्टिम चुकत नाही, मॅडम. चुकतात ती माणसं. वॉरंटीत काही मिळणार नाही."

इंदुमतीबाई बाहेर गेल्या, गाडी शोरूमच्या फाटकात आडवी लावून परत आल्या आणि सोफ्यावर बसल्या.

आत एका नव्या गाडीची पूजा आटोपली होती. हार चढला, चाकांखाली लिंबं ठेवली गेली. गिऱ्हाईक घाईला आलं, "राहुकाळ लागायच्या आत बाहेर काढा हो!"

घोरपडे धावतच आले. "मॅडम, फाटकातली गाडी काढा आधी!"

"माझी? ती तर नदीत आहे. स्क्रीनवर बघून या."

"अहो, समोर ढळढळीत दिसतेय की!"

"दिसत असेल तुम्हाला. पण माणसं चुकतात, तुम्हीच म्हणालात ना?"

गिऱ्हाईक खो खो हसलं. घोरपड्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि ते वर्कशॉपकडे वळून ओरडले, "अरे, मॅडमची सिस्टिम बिघडलीय! आजच नवी बसवा!"

तेव्हा कुठे बाईंनी पर्समधून किल्ली काढली.